कसं लागतंय?

चाखायच्या खोलीत दिवा लाल असतो. तो लाल का, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. साध्या उजेडात पिवळी फोड समोर आली की जिभेच्या आधी डोळेच निकाल देऊन मोकळे होतात. पिवळं म्हणजे पिकलं, हिरवं म्हणजे कच्चं. लाल उजेडात सगळ्या फोडी सारख्याच काळपट दिसतात आणि मग जिभेला काही काम उरतं. माणसंही तिथं सारखीच दिसतात. कुणाचा चेहरा उतरलाय, कुणाला झोप नाही, काही कळत नाही. माझ्या भावजयीला ती खोली त्यासाठीच बरी वाटत असावी. असं मला नंतर वाटलं. विचारलं मात्र कधी नाही.

कोल्ड स्टोरेजच्या मागच्या अंगाला प्रयोगशाळा आहे, तिथं ती फळं कापायची. कामाचं नाव बरंच मोठं होतं, पण सगळे तिला फोडताई म्हणत. दारातून कुणी डोकावलं की ती सुरी न थांबवता म्हणायची, "या, एक फोड घ्या." मग तो माणूस हात पुढे करायचा आणि ती म्हणायची, "खायला नाही, बघायला." हा विनोद ती इतकी वर्षं करत होती की ऐकणारे हसायचे थांबले होते, ती थांबली नव्हती.

ती माझ्या धाकट्या भावाची बायको. मी तिथंच यंत्रघरात होतो. खोल्या थंड ठेवायच्या, हवा बघायची, एवढंच माझं काम. फळ झाडावरून तोडलं तरी श्वास घेत राहतं, आणि श्वास घेतं म्हणून पिकतं आणि मग सडतं. खोली थंड ठेवली, आतली हवा बेताची ठेवली, की त्याचा श्वास मंदावतो. मरत नाही, नुसतं मंदावतं. आम्ही जे काही करायचो ते एवढंच. मंदावलेलं फळ आतून कुठवर आलंय हे मात्र यंत्रघरातून दिसत नाही. त्यासाठी ते कापावं लागतं, आणि कापलेलं फळ मग कुणाच्या उपयोगाचं राहत नाही. ती रोज सकाळी प्रत्येक खोलीतली थोडी फळं अशी बाद करायची.

तिचं काम बघत राहावं असं होतं. आधी फळाच्या दोन्ही अंगांची साल पैशाएवढी काढायची. त्यांना ते लोक गाल म्हणतात. एक उन्हाकडचा गाल, एक सावलीकडचा. दोन्ही गालांत यंत्राचा दांडा रोवून कडकपणा बघायचा, कारण एकाच फळाचे दोन गाल एकाच वेळी पिकत नाहीत. मग आडवी चकती कापून तिच्यावर आयोडीन टाकायचं. पिठूळपणा शिल्लक असेल तिथं काळंनिळं होतं, साखर झाली असेल तिथं नाही. मग रस काढायचा, एक थेंब काचेवर ठेवून नळीतून साखर बघायची. उरलेल्या रसात थेंब थेंब औषध सोडायचं आणि रंग गुलाबी झाला की थांबायचं, तो त्याचा आंबटपणा. आणि ज्या फोडीत जीवनसत्त्व बघायचं ती कापल्याबरोबर आम्लात बुडवायची. तिथं तिला कुणी हाक मारलेली चालायची नाही. "थांबा, हे हवेनं जातं," म्हणायची. कापल्या क्षणापासून ते कमी व्हायला लागतं. मोजायला म्हणून कापलं आणि कापलं म्हणून कमी झालं, अशी त्याची गत.

हे सगळं सकाळी. दुपारी चाखणं.

चाखायला आम्ही चौघं. फोडताई, फाटकावरचा, चहाची मावशी आणि मी. मी तेव्हा निवृत्त झालो होतो, तरी मला बोलवायचे. प्रयोगशाळेच्या बाई म्हणाल्या होत्या, "आम्हाला हुशार जीभ नको, साधी हवी." तेवढी माझ्याकडे होती. प्रत्येकाला एक खण, मध्ये फळीचा आडोसा, समोर छोटी खिडकी. बाई खिडकीतून ताटली सरकवायच्या आणि विचारायच्या, "कसं लागतंय?" आपण सांगायचं, थुंकायचं, चूळ भरायची, पुढची फोड.

खरं म्हणजे जो कापतो त्यानं चाखू नये. कोणती फोड कुठल्या खोलीतली हे त्याला माहीत असतं. पण माणसं कमी, म्हणून फोडताईला दोन्ही करावं लागायचं. त्यावर तिनं स्वतःच उपाय काढला होता. फोडी ताटल्यांत मांडून झाल्या की ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची आणि मावशीला म्हणायची, "फिरवा." मावशी ताटल्या हव्या तशा इकडच्या तिकडे करायची. मग ती वळायची. फाटकावरचा म्हणायचा, "लपंडाव झाला का खेळून? भूक लागली."

माझा भाऊ शाळेची बस चालवायचा. सकाळी मुलं पोचवायची, दुपारी घरी यायचं, जेवून घटकाभर पडायचं, मग मुलं आणायला जायचं. स्वभावानं कमी बोलणारा. रात्री ती जेवण वाढायची आणि सवयीनं विचारायची, "कसं लागतंय?" तो मान वर न करता म्हणायचा, "लागतंय." बस. चांगलं नाही, वाईट नाही. ती चिडायची. "चार माणसं मला विचारून खोल्या उघडतात आणि घरात ही तऱ्हा." तो म्हणायचा, "मग मी काय म्हणालो? लागतंय म्हणालो ना." आणि दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा.

एका दुपारी तो पडला तो उठला नाही. शाळेच्या दारात मुलं उभी राहिली. शाळेतून घरी फोन आला तो माझ्या बायकोनं घेतला आणि त्याला उठवायला त्याच्या खोलीत गेली. आमचं एकच घर, खाली आम्ही, वर ते दोघं. मूलबाळ त्यांना नव्हतं. मग तिनं कोल्ड स्टोरेजला फोन केला. आम्ही दोघंही लाल दिव्याखाली बसलेलो होतो. बाई खिडकीशी न येता दारातून आत आल्या, तेव्हाच मला काहीतरी वाटलं. त्यांनी सांगितलं. फोडताईच्या तोंडात फोड होती. ती तिनं शिस्तीनं थुंकली, चूळ भरली, ओठ पुसले आणि मग उठली. पुढचं सगळं मी बघितलं, पण मला आठवतं ते एवढंच.

माणसं आली. जो तो निघताना म्हणायचा, "काही लागलं तर सांगा." ती म्हणायची, "हो." बसवाले आले, शाळेच्या मोठ्या बाई आल्या, फाटकावरचा आला. तो एरवी इतकं बोलतो, पण दारात टोपी हातात घेऊन नुसता उभा राहिला आणि जाताना तेच म्हणाला, "फोडताई, काही लागलं तर सांग हां." "हो."

रडणं असं आमच्या घरात झालं नाही. माझ्या बायकोचे डोळे पाणावायचे, पण ती कामाला लागायची. मी रडलो नाही. भावजय रडली नाही. कुणी म्हणालं, हे चांगलं नाही, तिला रडवा. आता एखाद्याला रडवायचं म्हणजे काय करायचं? आम्हाला काही सुचलं नाही. थोड्याच दिवसांत ती कामावर गेली. संध्याकाळचा स्वयंपाक पूर्वीपासून तिच्याकडे होता, तोही तिनं सोडला नाही.

पहिल्याच घासाला मला कळलं की भाजीत मीठ नाही. मी बायकोकडे बघितलं. तिनं डोळ्यांनी गप्प बसवलं. दुसऱ्या दिवशी मीठ दुप्पट. तिसऱ्या दिवशी पुन्हा नाही. मग माझ्या बायकोनं मिठाची डबी मांडीवर ठेवून जेवायला सुरुवात केली. भावजय पाणी घ्यायला वळली की ती चिमूट काढायची, माझ्या ताटात, मग स्वतःच्या. पत्त्यांचा डाव खेळावा तसं. भावजय स्वतः जेवायची ती मान खाली घालून, न थांबता, ताट संपेपर्यंत. "कसं लागतंय" हे तिनं विचारणं सोडलं होतं.

मला आधी वाटलं, लक्ष नाही तिचं. मग चाखायच्या खोलीत एक गोष्ट दिसली. फोडी मांडून झाल्यावर ती भिंतीकडे वळेनाशी झाली. मावशी ताटल्या फिरवायला पुढे आली की म्हणायची, "राहू द्या मावशी, मांडल्यात मी." आणि खणात बसल्यावर तिची उत्तरं फार नेमकी यायला लागली. "साखर चांगली. आंबट कमी झालंय. मऊ पडलंय." यंत्रानं सकाळी जे सांगितलं असेल तेच. बाई खूश होत्या.

एका संध्याकाळी घरी जाताना मी तिला विचारलं. रस्त्यानं चालत होतो, माझी नजर समोर होती, म्हणून विचारता आलं.

"तुला चव कळत नाही का गं?"

ती चालतच राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "नाही दादा."

"वास?"

"तोही नाही."

"कधीपासून?"

हे मी विचारायला नको होतं. मग म्हणालो, "डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं. जिभेला काही झालेलं नाही म्हणे. येईल म्हणाले, आपोआप."

"मग बाईंना सांगून टाक. समजून घेतील."

"समजून घेतील आणि दुपारी घरी पाठवतील." ती थांबली. "दादा, सकाळचं काम जेवणाच्या सुट्टीपर्यंत संपतं. चाखणं काढून घेतलं तर दुपारी मी कुठं जाऊ? घरीच यावं लागेल ना. त्या वेळेला."

त्या वेळेला म्हणजे कोणत्या, हे दोघांनाही माहीत होतं. दुपारी वरच्या खोलीत ऊन येतं आणि पलंगावर पडतं. माझी बायकोसुद्धा त्या वेळी जिन्याकडे जात नाही. बाईंना मी काही सांगितलं नाही. तिला गोड कळत नाही एवढंच तर आहे, यंत्रं तर बरोबर सांगतायत, असं मी स्वतःला सांगितलं.

नासपतीची एक खोली मुद्दाम उशिरापर्यंत बंद ठेवलेली होती. नासपती झाडावर नीट पिकत नाही. ती हिरवी तोडायची, थंडीत ठेवायची आणि मग उबेला आणायची, तेव्हा ती आतून बाहेर पिकते. पण थंडीत बेताबाहेर ठेवली तर पिकणंच विसरते. पिवळी होते, मऊ होत नाही. किंवा आतली हवा फार कोंडली तर तिला वेगळाच वास धरतो. ही खोली आता उघडायची की आणखी ठेवायची, हे ठरायचं होतं. थोडी फळं काढून उबेच्या फळीवर ठेवली. ती पिवळी झाली, देठापाशी दाबली की हवी तशी दबत होती. फोडताईनं कापली. गर पांढरा, गाभा स्वच्छ. साखर भरपूर, आंबटपणा हवा तेवढा, जीवनसत्त्व कमी झालेलं पण इतक्या दिवसांनी ते होणारच. यंत्रांच्या दृष्टीनं फळात काही खोट नव्हती.

दुपारी आम्ही बसलो. बाईंनी पहिली ताटली तिच्या खिडकीत सरकवली.

"कसं लागतंय?"

"छान," ती म्हणाली. "गोड. रसाळ. उघडायला हरकत नाही."

तेवढ्यात माझ्या खणात ताटली आली आणि फोड नाकाजवळ नेतानाच माझा हात थांबला. पलीकडून फाटकावरचा जोरात थुंकला.

"बाई! हे फळ आहे का बाटली? एवढी खाऊन मी फाटकावर उभा राहिलो तर मालक मला घरी धाडेल."

मावशीचा आवाज आला, "मी ताटली उचलतानाच म्हटलं, कुणाच्या तोंडाला वास येतोय हा."

बाईंनी तिची ताटली मागे ओढली. मग माझ्या खिडकीशी येऊन म्हणाल्या, "तुम्हाला?" मी म्हणालो, "वास आहे." दुसरं काय म्हणणार? आंबलेला, दारूसारखा, घशात उतरणारा वास होता. लाल उजेडात मी फळीला डोकं टेकून बसलो. पलीकडे भावजय चूळ भरत होती. आवाज ऐकू येत होता.

खोली उघडून हवा दिली, काही माल वाचला, काही रसाला गेला. ते त्यांनी निस्तरलं. बाई फोडताईला रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना म्हणाल्या, "उद्या आपण जिभांची तपासणी करू. सगळ्यांची. नियमच आहे, बरेच दिवस केली नाही." नियम होता हे खरं, पण तो कुणासाठी आठवला हे फाटकावरच्यालाही कळलं. तो मुद्दाम म्हणाला, "माझीच काढताय ना परीक्षा? काल जास्त बोललो म्हणून."

ही तपासणी म्हणजे पाण्याचे पेले. एकात किंचित साखर, एकात आंबट, एकात मीठ, एकात कडू आणि एक नुसतं पाणी. इतकं कमी घातलेलं असतं की जीभ जागी नसेल तर सगळं पाणीच. ज्याला ओळखता आलं त्याची खुर्ची राहिली.

रात्री जेवताना माझ्या बायकोनं यातून वाट काढली. भावजय आत गेलेली बघून हळूच म्हणाली, "तुम्ही तिच्या शेजारीच बसता ना? मग खोका. गोडाला एकदा, आंबटाला दोनदा."

"आणि कडूला?"

"कडूला घसा खाकरा. तुम्हाला नाहीतरी खोकला असतोच, कुणाला संशय येणार नाही."

"आणि तिच्या पेल्यांचा क्रम निराळा असला तर?"

"असं कसं निराळा? तुम्ही ना, आधीच नन्नाचा पाढा."

आतून आवाज आला, "दादा, खोकू नका."

भाजीत त्या दिवशी मीठ नव्हतं, आणि बायकोचा हात डबीकडे गेला नाही.

दुसऱ्या दिवशी खणात बसलो. पेले आले. मला साखर कळली, मीठ कळलं, आंबट जरा चुकत चुकत कळलं. कडूचा पेला घेतला आणि नेमका घसा खवखवायला लागला. आयुष्यात इतका खोकला मी कधी दाबला नसेल. डोळ्यांतून पाणी आलं. फाटकावरचा पलीकडे म्हणत होता, "हे कडू. नक्की कडू. सासरी असा चहा देतात." मावशी त्याला "गप रे" म्हणाली.

मग बाई तिच्या खिडकीशी गेल्या.

"पहिला?"

"पाणी."

"दुसरा?"

"पाणी."

"तिसरा?"

पेला खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"बाई, मला पाचही पाणीच आहेत. मला काही लागत नाही."

बाई वयानं तिच्याहून पुष्कळ लहान. घाईनं म्हणाल्या, "नाही नाही, तसं म्हणू नका. संकोच करू नका. माणसाला गरज पडते. घरी काही लागलं तर सांगत जा, आम्ही आहोत."

आणि मग भावजय हसली. आधी नाकातून, मग मोठ्यानं. कित्येक दिवसांत तो आवाज आमच्या घरात झाला नव्हता, त्यामुळे तो हसण्याचा आहे हे मला लगेच कळलंच नाही.

"तेच म्हणतेय ना बाई," ती म्हणाली. "काही लागलं तर सांगेनच की. लागतच नाही तर काय सांगू?"

बाईंना उशिरा उमगलं. त्याही हसल्या आणि मग हसू आवरून उभ्या राहिल्या. फाटकावरचा फळीवर हात मारून म्हणाला, "झालं! सगळ्या गावानं हिला हेच सांगितलंय." मावशी हसली की रडली, आडोशामुळे दिसलं नाही. हसणं संपलं. भावजय तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "परवाचं फळ मी न चाखता सांगितलं. सकाळचे आकडे सांगितले. त्याच्या आधीचीसुद्धा."

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "सकाळचं काम तुमचंच आहे, त्यात काही बदल नाही. दुपारी मात्र..." त्या अडखळल्या. "खुर्ची कुणाला देत नाही. काही लागलं की या."

असं तिचं चाखणं सुटलं.

मग ती जेवणाच्या सुट्टीत घरी यायला लागली. वर जायची नाही. स्वयंपाकघरात स्टुलावर बसायची, भिंतीकडे तोंड करून. फोडी फिरवायला मावशी येणार आहे आणि ती वळायची वाट बघतेय, असं मला वाटायचं. बायको तिच्यापुढे काहीतरी निवडायला, सोलायला ठेवायची. ती ते करायची. संपलं की हात मांडीवर. बोललं की उत्तर द्यायची, न बोललं की नाही. ऊन जिन्यावरून सरकत खाली यायचं, पायरीपायरीनं, आणि मग जायचं. मी दुपारी चाखायला जायचो आणि तिच्या रिकाम्या खणाशेजारी बसायचो. घरी आलो की ती विचारायची, "काय होतं आज?" मी सांगायचो, नासपती, अमुक खोली. "कसं होतं?" "होतं." एवढंच बोलणं.

एक दिवस चाखणं नव्हतं, काही सुचत नाही म्हणून मी सकाळीच घरातल्या सुऱ्यांना धार लावली.

नव्या हंगामाची हिरवी सफरचंदं तेव्हा यायला लागली होती. पहिल्या तोडीची, कडक, आयोडीन टाकलं तर सगळी चकती काळीनिळी होईल अशी. त्याच दिवशी तिनं दुपारी घरी येताना त्यातली थोडी आणली. सफरचंदं कधी घरी आणायची नाही ती. बायको म्हणाली, "हे कच्चं कशाला? दात जातील यांचे."

"शिजवू या," ती म्हणाली. "साखर घालून. बरी लागतात." स्वतःच्या शब्दावर ती जरा थांबली. स्टुलावर बसली, फळी घेतली आणि कापायला लागली. हात पूर्वीसारखाच चालत होता. दोन भाग, चार भाग, गाभा बाहेर, फोडी. मी दारात पेपर घेऊन बसलो होतो. सुरीचा ठोका चुकलेला ऐकला तेव्हा वर बघितलं.

जन्मभर फळं कापली तिनं, पण बोट कापलेलं मी कधी बघितलं नव्हतं. घरातली सुरी बोथट असते या हिशेबानं तिनं जोर दिला असणार. रक्त फळीवर आलं. तिनं बोट तोंडात घातलं, रसासकट.

बायको धावली. "लागलं का गं? दाखव! आणि तुम्हाला कुणी सांगितलं होतं एवढी धार काढायला? बसवत नाही का नुसतं? दाखव बघू, लागलं का?"

भावजयीनं बोट तोंडातून काढलं नाही. भिंतीकडे बघत होती. मग बोट काढून त्याच्याकडे बघितलं.

"लागलं," ती म्हणाली.

"फार?"

"आंबट."

बायको कापूस शोधता शोधता थांबली. "काय आंबट?"

तिनं फळीवरची एक फोड उचलली, चघळली. थुंकायला भांडं नव्हतं म्हणून गिळली असेल. दुसरी उचलली. तोंड वाकडं झालं तिचं, लहान मुलाचं होतं तसं. मी पेपर खाली ठेवला. माझ्या बायकोनं भीतभीतच विचारलं, "कसं लागतंय?"

"लागतंय," ती म्हणाली.

हे ती मुद्दाम म्हणाली की तोंडातून गेलं, मला माहीत नाही. बायकोनं बोटाला कापूस दाबून धरला. भावजयीचा दुसरा हात फोडींवर होता.

"गोड?" मी विचारलं.

"गोड नाही कळत. याच्यात फारसं नाहीच आहे म्हणा." मग तिनं कापूस बाजूला करून कापलेलं बोट पुन्हा जिभेला लावून बघितलं. "खारट जरा जरा. रक्ताचं असेल." आणि बायकोला म्हणाली, "ताई, ती मिठाची डबी आता वर ठेवत जा, टेबलावर. तिचं झाकण वाजतं."

"कसलं झाकण?"

"रोज वाजतं. मी पाणी घ्यायला वळले की."

बायकोचा चेहरा बघण्यासारखा झाला. काहीतरी बोलायचं म्हणून ती माझ्यावर घसरली. "मी म्हणत होते ना तुम्हाला, हळू घ्या म्हणून."

भावजयीनं बोट बांधून घेतलं आणि उरलेली सफरचंदं संपवली. ऊन जिन्याच्या खालच्या पायरीवर आलं होतं. तिकडे पाठ करूनच ती बसली होती, पण फळीवर उजेड हवा म्हणून मग स्टूल थोडं वळवलं.

"उद्या बाईंना सांगते," ती म्हणाली. "आंबट तेवढं कळतंय म्हणून."

"देतील खुर्ची?"

"सगळी कशाला देतील." तिनं फोडी भांड्यात लोटल्या. "आंबटापुरती बसेन."